आधी हात बघा, मग एमआरआय

‘मानेत गॅप आलाय.’ डिचोलीच्या बाजारात, कदंबच्या बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं आहे की हल्ली समोरच्याला एकच विचारते: हे सांगण्याआधी डॉक्टरांनी तुमचा हात हातात घेऊन पाहिला का? बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असतं. आणि तो शब्द तर मुळातच उलटा आहे. वय वाढतं तशी दोन मणक्यांमधली चकती सुकते, तिची उंची कमी होते, मणके एकमेकांच्या जवळ येतात. गॅप येत नाही, असलेला कमी होतो. डॉक्टर एक्स-रे बघून ‘गॅप कमी झालाय’ म्हणतात, घरी पोचेपर्यंत त्याचा ‘गॅप आलाय’ होतो, आणि माणसाला वाटू लागतं की आपली मान मधूनच सुटत चालली आहे. घाबरून तो पट्टा बांधतो, वाकायचं सोडतो, घरातली कामं सोडतो. दोन-तीन महिने सतत पट्टा बांधला की मानेचे स्नायू खरोखरच दुबळे होतात. आजार नव्हता तिथे तो तयार होतो.

‘स्पाँडिलायटिस’चंही तसंच. खरा स्पाँडिलायटिस म्हणजे मणक्यांच्या सांध्यांना येणारी सूज, तो वेगळा आणि बऱ्याचदा तरुणपणी सुरू होणारा आजार. आपल्याकडे ज्याला त्याला चिकटवतात तो असतो स्पाँडिलोसिस, म्हणजे वयाची झीज. केस पिकतात तशी मान झिजते. पिकलेल्या केसांवर कोणी शस्त्रक्रिया सुचवत नाही.

शब्दांवरून सुरुवात केली, कारण मानेच्या बाबतीत चुकीचं दार निवडलं जातं ते बहुतेक वेळा चुकीच्या शब्दामुळे. गोव्यात मान दुखणाऱ्या माणसाचा प्रवास उलट्या टोकाने सुरू होतो, असं माझं मत आहे. ज्याला दोन महिने व्यायाम आणि धीर पुरेसा असतो तो थेट एमआरआयच्या यंत्रात जातो आणि तिथून शस्त्रक्रियेच्या टेबलाच्या वाटेला लागतो. आणि ज्याला शस्त्रक्रिया खरंच हवी असते तो वाताचं तेल चोळत घरी बसून राहतो. आमच्या एकाच घरात या दोन्ही गोष्टी घडल्या.

मानेत सात मणके आणि नसांच्या आठ जोड्या असतात. मणक्यांच्या मागून एक बोगदा जातो, पुढून मागे मोजला तर साधारण १७ मिलिमीटरचा, आणि त्यातून मज्जारज्जू खाली उतरतो. आता दोन गोष्टी होऊ शकतात. चकती बाजूला सरकून एखादी नस दाबते, किंवा बोगदाच अरुंद होऊन मज्जारज्जू दबतो. पहिलीत माणूस ओरडतो. खांद्यातून हातात वीज जावी तशी कळ जाते, रात्री झोप लागत नाही, अंगठा किंवा मधलं बोट बधिर होतं. पण यातले बहुतेक लोक सहा ते बारा आठवड्यांत सुईशिवाय, सुरीशिवाय बरे होतात. बाहेर आलेली चकतीसुद्धा शरीर हळूहळू शोषून घेतं. दुसरीत मात्र पुष्कळदा काहीच दुखत नाही. हात जड होतो, बटण लागत नाही, अक्षर बिघडतं, चालताना तोल जातो. हा आजार गप्प असतो आणि जे हरवतं ते बरेचदा परत देत नाही. बोंब मारणारं दुखणं सहसा निभावतं, घात करतं ते मुकं दुखणं. एवढा एक फरक गोव्याच्या प्रत्येक घरात माहीत असता तर मी हा लेख लिहिला नसता.

माझं स्वतःचं दुखणं पहिल्या प्रकारचं. तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, वह्या तपासल्या. निवृत्तीनंतर एका सकाळी उजवा हात खांद्यापासून अंगठ्यापर्यंत पेटला. घरच्यांनी नेहमीप्रमाणे उशी उन्हात टाकली. चौथ्या दिवशी एका खासगी ठिकाणी गेले. तिथे मला खुर्चीवरून उठवलंही नाही, एमआरआयची चिठ्ठी हातात दिली. संध्याकाळी अहवाल आला, त्यात पाचव्या-सहाव्या मणक्यामध्ये चकती बाहेर आल्याचं लिहिलं होतं. आठवड्याभरात ऑपरेशन करून टाकू, उशीर केलात तर हात जाईल, असं सांगण्यात आलं. मी रात्रभर जागी होते. दुसऱ्या ठिकाणी एका वयस्क डॉक्टरांनी आधी माझे दोन्ही हात दाबून, ढकलून ताकद पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारली, पायांना गुदगुल्या केल्या, सरळ रेषेत चालायला लावलं आणि मग म्हणाले, ‘ताकद पूर्ण आहे, मज्जारज्जू ठीक आहे. दुखेल, पण जाईल. ताकद कमी झाली तर त्याच दिवशी या.’ दहाव्या आठवड्यात मी पुन्हा पोळ्या लाटत होते.

पहिल्या डॉक्टरांनी पाहिलेला फोटो खोटा नव्हता. पण फोटोत काय दिसलं आणि माणसाला काय होतंय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जपानमध्ये कसलाही त्रास नसलेल्या १,२११ माणसांच्या मानेचे एमआरआय काढले गेले आणि त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या होत्या. विशीतल्या तरुणांतही हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर होतं. म्हणजे सांग्यापासून पेडण्यापर्यंत कोणालाही रस्त्यात थांबवून यंत्रात घातलं तरी अहवालात काही ना काही निघेलच. ज्यांची तपासणीच झालेली नाही त्यांच्या हातात असा अहवाल देणं म्हणजे नुसती भीती हातात देणं.

आता वहिनी.

वहिनी सत्तरी तालुक्यातल्या एका गावात राहते. अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, देवळाच्या जत्रेत तिच्या टोपलीपाशी बायका थांबत. चारेक वर्षांपूर्वी तिचे वळेसर ढिले पडू लागले. गिऱ्हाइकांनी तक्रार केली तेव्हा ती म्हणाली, दोरा वाईट आला. मग सुटे पैसे हातातून पडू लागले. ब्लाउजचे हूक मुलीकडून लावून घ्यायला लागली. संध्याकाळी अंगणात जाताना भिंतीला हात. एकदा चप्पल पायातून निसटली ती वाटेतच राहिली आणि तिला घरी येऊन पाय धुताना कळलं. मान? मान तिची कधीच दुखली नाही. मला म्हणाली, ‘वन्सं, माझा हात माझं ऐकत नाही गो.’ आणि मी, शिकलेली बाई, तिला म्हटलं, साखर तपासून घे.

साखर तपासली. मग वात म्हणून तेल. मग मनगटातली नस दबली म्हणून मनगटाला पट्टी. मग चालण्यासाठी गुडघ्याचं निदान, कॅल्शियम, इंजेक्शनं. या सगळ्यात दोन वर्षं गेली आणि त्या दोन वर्षांत एकाही ठिकाणी कोणी तिला दहा पावलं चालून दाखव म्हटलं नाही. शेवटी गुडघ्याच्या व्यायामासाठी पाठवलं तिथल्या तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीला संशय आला. तिने वहिनीच्या मधल्या बोटाच्या नखावर टिचकी मारली, तर अंगठा आपोआप आत वळला. मग तिने मुठी भराभर उघडायला-मिटायला सांगितलं. निरोगी माणूस दहा सेकंदांत वीसेक वेळा मूठ उघडमीट करतो. वहिनीची मोजणी नऊवर थांबली. टाचेला चवडा लावून चालायला सांगितलं तर दुसऱ्याच पावलाला ती मुलीच्या अंगावर पडली. या तपासणीला एक रुपया लागला नव्हता आणि पाच मिनिटंही नाहीत.

त्यानंतर एमआरआय झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. मज्जारज्जू चार ठिकाणी दबलेला. मागच्या बाजूने बोगदा मोकळा करण्याची शस्त्रक्रिया झाली. वहिनी आता भिंतीला हात न लावता चालते. पण वळेसर तिला जमत नाहीत. दबून राहिलेल्या मज्जारज्जूला आतून इजा झाली की सुरी फक्त पुढची घसरण थांबवते, झालेलं नुकसान सगळं भरून देत नाही. लक्षणं सुरू झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत दाब काढला तर हात परत मिळण्याची शक्यता बरीच जास्त असते. वहिनीचे ते सहा महिने साखर आणि कॅल्शियममध्ये गेले.

हे तिच्या एकटीचं नशीब नव्हे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका परदेशी अभ्यासात या आजाराचं निदान व्हायला सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ लागल्याचं दिसलं, आणि सगळ्यात जास्त वेळा झालेली चूक होती मनगटातल्या नसेचं निदान. तिकडेही हीच गफलत होते म्हणून मी कुठल्या एका डॉक्टरला दोष देत नाही. पण गोवा लहान आहे. २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख माणसं. १८४२ साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारं गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, बांबोळीला आहे, म्हापशाला आणि मडगावला जिल्हा इस्पितळं, फोंड्याला उपजिल्हा इस्पितळ, तालुक्यांत आरोग्य केंद्रं. एवढ्या लहान जागी हा क्रम सुलटा करणं अशक्य नाही.

आज काय होतं ते बघा. वाळपईच्या पुढच्या गावातल्या मजुराची मान धरली. आठवड्यातून तीनदा व्यायामाला ये म्हटलं तर त्याला बस धरून आधी पणजी, मग बांबोळी करावं लागतं. दिवस मोडतो, मजुरी बुडते. दुसऱ्या आठवड्यात तो येणं बंद करतो आणि फाईलवर ‘व्यायामाने फरक नाही’ असं लिहिलं जातं. जवळ खासगीत जावं तर प्रत्येक वेळचे पैसे खिशातून. उलट दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड २०१६ पासून घरोघर आहे, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण. योजना चांगली आहे, अनेकांचे जीव तिने वाचवले आहेत आणि मी तिच्या बाजूची आहे. पण ती मुख्यतः इस्पितळात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. गरीब माणसासाठी सुरीचे पैसे आहेत आणि सहा आठवड्यांच्या व्यायामाचे नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. मग त्याने काय निवडावं अशी आपली अपेक्षा आहे?

म्हणून माझी मागणी मोठ्या यंत्राची किंवा नव्या इमारतीची नाही. प्रत्येक तालुक्याच्या आरोग्य केंद्रात फिजिओथेरपिस्ट ठरलेल्या दिवशी हवा, आणि हे दिवस बाजाराच्या दिवसाशी जुळवावेत, म्हणजे एका फेरीत दोन कामं होतील. योजनेत या व्यायामाचे पैसे बसवावेत. आणि मान, खांदा, हात किंवा तोल यांची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाची ती पाच मिनिटांची तपासणी आधी व्हावी. मूठ मोजणं आणि रेषेवर चालवणं या दोन गोष्टी परिचारिकाही करू शकते. शंका आली तर त्या माणसाला रांगेतून बाहेर काढून चिठ्ठीसह बांबोळीला पाठवावं. चिठ्ठीवर ‘मानदुखी’ एवढंच नको, काय पाहिलं आणि किती भरलं ते हवं.

ओपीडीत दीडशे माणसं असताना पाच मिनिटं कुठून आणायची, असं एका ओळखीच्या डॉक्टरांनी मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण वहिनीच्या त्या दोन वर्षांत ती निदान पंधरा वेळा कोणत्या ना कोणत्या ओपीडीत बसली. पंधरा वेळचे ते दोन-दोन मिनिट एकत्र केले तरी अर्धा तास होतो. वेळ गेलाच, फक्त उपयोगी पडला नाही. दुसरा आक्षेप आपल्याबद्दलचा आहे आणि तो मला मान्य आहे: लोकच एमआरआय मागतात, न सांगणारा डॉक्टर त्यांना अडाणी वाटतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत फिल्मा घेऊन चोर्ला घाटातून बेळगावला, तिथून मणिपालला जाणारी माणसं माझ्या नात्यात आहेत. तीन शहरांतल्या तीन डॉक्टरांनी एकच फिल्म पाहिली आणि माणूस कोणीच पाहिला नाही, असंही घडलेलं आहे. दुसरं मत जरूर घ्यावं, मी घेतलं म्हणूनच वाचले. पण दुसरं मत म्हणजे दुसऱ्या हातांनी केलेली तपासणी. फोटोचं दुसऱ्यांदा वाचन म्हणजे दुसरं मत नव्हे.

मालिशवाल्यांविषयी आणि पायाळूंविषयीही बोललं पाहिजे, कारण पहिलं दार बहुतेकांसाठी तेच असतं. अवघडलेल्या मानेला शेक, हलकं तेल, चार दिवसांची विश्रांती, याने बरं वाटतं आणि त्यात वावगं काही नाही. पण केस कापून झाल्यावर मान काडकन मोडून घेणं मी माझ्या मुलाला बंद करायला लावलं. त्या झटक्याने मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी चिरल्याचे प्रकार विरळा असले तरी नोंदलेले आहेत. आणि मज्जारज्जू आधीच दबलेला असेल तर तोच झटका माणसाला कायमचा खिळवू शकतो. आयुर्वेदाबद्दल माझ्या मनात आदर आहे. धारगळला २०२२ साली अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं केंद्र सुरू झालं, तिथे मानेचे रुग्ण जाणारच. त्यांची ग्रीवाबस्ती, म्हणजे मानेवर कोमट तेल धरून ठेवायचा उपचार, सुरू होण्याआधी तीच मूठ मोजली जावी आणि तीच चिठ्ठी तिथून बांबोळीला चालावी, इतकं झालं तरी पुष्कळ. आजार कुठल्या पॅथीच्या दारात शिरला यावर त्याचं निदान अवलंबून राहू नये.

शस्त्रक्रियेच्या भीतीचं मात्र मी समर्थन करणार नाही. ‘मानेचं ऑपरेशन म्हणजे माणूस लुळा’ हे वाक्य सत्तरीत आजही वेदवाक्यासारखं बोललं जातं आणि वहिनीने त्यापायी आणखी दीड महिना काढला. धोका आहेच. पुढून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस गिळायला त्रास होतो, आवाज बसतो, क्वचित जास्त काही होतं. पण मज्जारज्जू दबत चाललेला असताना लुळेपणाचा मोठा धोका ऑपरेशन न करण्यात असतो. हाडांचे सर्जन की मेंदूचे, हा वाद लोक घालतात. मणक्याचं काम नियमित करणारे दोन्हीकडे आहेत. त्यांना विचारायचं ते वेगळं आहे: माझा त्रास आणि फोटोतली जागा जुळते का, थांबलो तर काय होईल, यातलं काय परत मिळेल आणि काय नाही, तुम्ही असं काम वर्षाला किती करता. चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. माझ्या वाट्याला आलेला पहिला रागावला होता.

मानेच्या दुखण्यासोबत ताप, घटतं वजन, रात्रीची न थांबणारी कळ, पूर्वी झालेला कर्करोग किंवा क्षय असेल, किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर वाट बघण्याच्या सगळ्या गोष्टी रद्द. डाव्या हातात कळ आणि घाम असेल तर मान विसरा, आधी हृदय.

आणि इजेचं वेगळं. माडावरून पडलेल्या पाडेल्याला, नारळ पाडणाऱ्याला, आपण काय करतो? चौघं धावतात, काखेत हात घालून बसवतात, पाणी पाजतात, मिळेल त्या गाडीत दुमडून घालतात. मणका मोडला असेल आणि मज्जारज्जू शाबूत असेल, तर तो या बसवण्यात जाऊ शकतो. त्याला आहे तसा ठेवा, डोकं आणि मान दोन्ही हातांनी सरळ धरा, १०८ ला फोन करा. मोटरसायकलच्या अपघातातही हेच. सांजावला, म्हणजे जूनमधल्या सेंट जॉनच्या सणाला, विहिरीत, तळ्यात डोक्यावर उड्या घेणाऱ्या मुलांना घरातल्यांनी आधी पाण्याची खोली दाखवावी. पाय टेकतील एवढ्या पाण्यात डोक्यावर घेतलेली उडी मानेवरच येते. हे पंचायतीच्या फलकावर, शाळेच्या भिंतीवर लिहिलं जावं.

वहिनी हल्ली गावात सगळ्यांच्या मुठी मोजते. हात बधिर म्हणणारी बाई आली की घड्याळ समोर ठेवून तिला ओसरीवर बसवते. गेल्या महिन्यात शेजारणीची मोजणी तेरावर थांबली. तिला बांबोळीला पाठवायचं ठरलं, पण हातात चिठ्ठी नव्हती. तेव्हा वहिनीने मला फोन लावला, मी सांगत गेले आणि तिच्या नातीने चौरेघी वहीच्या पानावर लिहिलं: दहा सेकंदांत १३ मुठी, उजवा हात जास्त. बटण लागत नाही, तीन महिने. चप्पल निसटते. रेषेवर चालता येत नाही. मान दुखत नाही. ते पान घेऊन ती गेली, आणि तिथल्या डॉक्टरांनी ते वाचून तिला त्याच दिवशी तपासलं. तेच पान आरोग्य खात्याने छापून प्रत्येक केंद्रात ठेवावं.